पाण्याचा ठाव आणि मेसचं ताट

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. आमच्या ग्रुपच्या तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टात पान ३१ वर जो रंगीत नकाशा आहे, तो चूक आहे. त्याच्या मधोमध एक पायरी दिसते. तिच्याखाली आम्ही ऐटीत लिहिलंय, ‘बहुधा पाण्याखाली गेलेला जुना बांध’. तसा कुठलाही बांध तिथं नाही, आणि कधी नव्हता. कॉम्प्युटरनं रेघ काढली, आम्ही तिला नाव दिलं, आणि व्हायवाला आलेल्या सरांना नेमकी तीच सगळ्यात जास्त आवडली! मार्क मिळाले, चौकात ट्रीट झाली. विषय संपला असं वाटलं होतं.

तो संपला नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं, की पाण्याच्या खोलीचा नुसता आकडा हा आकडाच नव्हे. तो कुठून मोजला, कोणत्या दिवशीच्या पाण्यावर मोजला आणि ‘तळ’ कशाला म्हटलं, या तीन गोष्टी सोबत नसतील तर तो वहीतून फाडलेला बरा. आपण इंजिनिअरिंगची पोरं मात्र दोनच वाक्यं शिकलोय. रीडिंग आवडलं नाही की ‘इन्स्ट्रुमेंट खराब आहे’, आणि आवडलं की ‘इन्स्ट्रुमेंट सांगतंय ना!’ माझ्या मते ही दोन्ही वाक्यं एकाच आळसातून येतात.

मी धर्माबादचा. धर्माबाद म्हटलं की लोकांना लाल मिरची आठवते, नाहीतर सीमेपलीकडचं बासर. आणि पेपर वाचणाऱ्याला आठवतो बाभळीचा बंधारा. चौदा दरवाजांचा हा बंधारा आमच्याच तालुक्यात गोदावरीवर आहे, राज्याच्या सीमेपासून सात किलोमीटर वर. खाली पोचमपाडला श्रीरामसागर धरण आहे, त्याचं फुगवट्याचं पाणी इथपर्यंत येतं. त्यामुळे हे पाणी कोणाचं, यावर दोन राज्यं सुप्रीम कोर्टात गेली. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. बंधाऱ्यात २.७४ टीएमसी पाणी अडवायला परवानगी मिळाली, पण अटींसह. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे, म्हणजे पावसाळ्यात नदी मोकळी. आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. आमच्याकडे ही तारीख शाळेतल्या पोरालाही पाठ असते. मलाही होती. फक्त ती ऐन वेळी आठवली नाही, एवढंच.

प्रोजेक्ट साधा होता. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, फुगवट्याच्या एका तुकड्याचा खोलीचा नकाशा काढायचा. सिव्हिलचे दोघं, ईअँडटीसीचे दोघं. यंत्र म्हणजे ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला फिश फाइंडर, २०० किलोहर्ट्झचा. जागेसाठी मोबाईलचा जीपीएस. होडी एका मासेमारी करणाऱ्या मामांची, पत्र्याची, एका बाजूला जरा कललेली. मामांकडे खोली मोजायला एक बांबू, त्यावर हाता-हातावर कोयत्यानं पाडलेल्या खाचा. बस्स.

पहिल्याच दिवशी बांबू आणि यंत्राची भांडणं सुरू झाली. काठाजवळ खडकाळ भागात बांबूनं अर्धा मीटर दाखवला, यंत्र म्हणालं ०.९. आत गेलो तर उलटं. बांबू म्हणतो ३.१ मीटर, यंत्र म्हणतं २.५. म्हणजे एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी! आमच्यातला एकजण लगेच म्हणाला, “पीस डिफेक्टिव्ह आलाय, रिटर्न करू.” मामा विडी पेटवत म्हणाले, “पोरा, तुझी मिशीन काय म्हनायली ते तिला नीट इचार की आधी.”

त्यांनी ते सहज म्हटलं असेल, पण मुद्दा तोच आहे. यंत्र खोली मोजत नाही. यंत्र वेळ मोजतं. पाण्यात आवाजाचा एक टिचका सोडायचा, तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, त्याला आवाजाच्या वेगानं गुणायचं आणि निम्मं करायचं. तीन मीटर पाण्यात ही सगळी ये-जा साधारण चार मिलिसेकंदांत होते. पुढचं सगळं, म्हणजे आवाजाचा वेग किती धरायचा, कोणता प्रतिध्वनी खरा मानायचा, शून्य कुठे ठेवायचं, हे एक तर कारखान्यात ठरतं नाहीतर सेटिंगमध्ये. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, त्यानंतर हिमनग शोधायच्या खटपटीतून जर्मनीच्या अलेक्झांडर बेमनं प्रतिध्वनीनं खोली मोजायचं यंत्र काढलं, १९१३ मध्ये पेटंटही घेतलं. हिमनग काही नीट सापडले नाहीत, तळ मात्र सापडला. तेव्हापासून आजच्या प्लॅस्टिकच्या डबीपर्यंत मूळ हिशोब बदललेला नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही हॉस्टेलच्या मेसमधून एक स्टीलचं ताट उचललं. (मॅनेजरकाका, माफी असावी.) कडेला तीन भोकं पाडली, नायलॉनची दोरी ओवली, काठालगत चारी बाजूंनी भंगारातले नट-बोल्ट बांधले आणि दोरीवर दर मीटरला गाठ मारली. बंदरांत सर्व्हेवाले अशीच पट्टी किंवा पत्रा साखळीनं यंत्राखाली सोडतात, त्याला ते बार चेक म्हणतात. आपल्या सर्व्हेइंगच्या पुस्तकात हा प्रकार दोन ओळींत उरकलेला असतो आणि परीक्षेला येत नाही, म्हणून कोणी वाचत नाही. आम्हीही वाचला नव्हता, फजिती झाल्यावर शोधला.

ताट पाण्याच्या पृष्ठापासून एक मीटरवर सोडलं, यंत्र म्हणालं ०.९. दोन मीटरवर १.९. तीनवर २.९. आता बघा, चूक तर आहे, पण सगळीकडे सारखी. सारखी चूक म्हणजे शून्य चुकलंय. आमचा ट्रान्सड्यूसर फळीला बांधून पाण्यात दहा सेंटिमीटर बुडवला होता आणि यंत्र स्वतःच्या नाकापासून खाली मोजत होतं. ते दहा सेंटिमीटर सेटिंगमध्ये घातले की संपलं. हीच चूक खोलीबरोबर वाढत गेली असती, म्हणजे एक मीटरला एक सेंटिमीटर, तीन मीटरला तीन, तर दोष आवाजाच्या वेगाचा धरला असता. आणि कधी जास्त कधी कमी असं कुठल्याच हिशोबाविना झालं असतं, तर वल्ह्याचे बुडबुडे, तिरपी दोरी, ढिली वायर, उतरलेली बॅटरी यांच्याकडे बघावं लागलं असतं. डॉक्टर ताप सकाळी येतो का संध्याकाळी ते विचारतो, तसंच हे. चूक किती आहे यापेक्षा ती कशी वागते हे आधी बघायचं. चार वर्षांच्या प्रॅक्टिकलमध्ये मला हे कोणी सांगितलं नाही. एका ताटानं सांगितलं.

आवाजाच्या वेगावरून आठवलं. आमच्या ग्रुपनं पूर्ण एक रात्र या विषयावर घालवली होती. गोड्या पाण्यात २० अंशाला वेग सेकंदाला साधारण १४८२ मीटर, ३० अंशाला १५०९ च्या आसपास. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आणखी जास्त. यंत्रात समुद्राचं सेटिंग तसंच राहिलं, तर चूक येते ती टक्का-दोन टक्क्यांची. तीन मीटर पाण्यात ती किती? तीन ते सहा सेंटिमीटर! आमची भांडणं अर्ध्या मीटरची चालली होती आणि आम्ही तापमानाचे फॉर्म्युले घोटत बसलो होतो. कारण फॉर्म्युला असला की अभ्यास केल्यासारखं वाटतं. दोनशे मीटर खोल समुद्रात हा विषय मोठा आहे, मान्य. बाभळीत नाही.

मग काठाजवळचे ते ०.९ मीटर कुठून आले? तिथं खोली अर्धा मीटर, ट्रान्सड्यूसर दहा सेंटिमीटर आत, म्हणजे खडक यंत्रापासून चाळीस सेंटिमीटरवर. एवढ्या जवळचं यंत्राला ऐकूच येत नाही. घंटा वाजवल्यावर ती थोडा वेळ घणघणत राहते, त्या घणघणाटात पहिला प्रतिध्वनी बुडून जातो. पण खडक कडक, आवाज परत पृष्ठाला आपटतो, पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो. यंत्र हा दुसरा प्रतिध्वनी ऐकतं आणि त्यालाच तळ म्हणतं. ४० अधिक ५० बरोबर ९०. यंत्रानं खोटं काही सांगितलं नव्हतं, त्याला जे ऐकू आलं तेच सांगितलं. बॅकबेंचवर बसून दुसऱ्यांदा सांगितलेलं लिहून घेणाऱ्यासारखं!

राहिला आतला प्रश्न. बांबू ३.१, यंत्र २.५. शून्याचे दहा सेंटिमीटर घातले तर २.६. तरी अर्ध्या मीटरचा फरक उरतोच. तिथंही तेच ताट खाली सोडलं. दोरी सैल पडली ती २.६ ला. पुन्हा सोडलं, पुन्हा २.६. आम्ही एकमेकांकडे बघतोय आणि मामा हसतायत. “गाळ हाय की तिथं. बांबू रुततो. ताट कशाला रुतंल?”

म्हणजे दोघंही खरे! यंत्रानं गाळाचा वरचा थर सांगितला, बांबूनं गाळातून आत जाऊन खालची कडक जमीन सांगितली. त्यांच्यातलं अंतर म्हणजे अर्धा मीटर गाळ. आम्ही ज्याला एरर म्हणून खोडत होतो, तीच खरी मोजणी होती. २०० किलोहर्ट्झचा बारीक आवाज मऊ गाळाच्या डोक्यावरूनच परत फिरतो. त्याहून कितीतरी खालच्या वारंवारतेचा जाड आवाज गाळात शिरून खालचा थर दाखवू शकतो. म्हणून मोठ्या सर्व्हेत दोन वारंवारता एकाच वेळी वापरतात. हॉलंडच्या रॉटरडॅम बंदराला तर हा प्रश्न असा भेडसावला, की तळ म्हणजे काय हे त्यांना ठरवूनच घ्यावं लागलं: गाळाची घनता लिटरला १.२ किलो झाली की तिथं जहाजापुरता तळ. त्याच्या वरच्या पातळ गाळातून जहाज जाऊ शकतं. म्हणजे तळ हा देवानं दिलेला नसतो, आपण तो ठरवतो आणि ठरवलेला लिहून ठेवावा लागतो.

खोटा तळ तर मोठमोठ्यांनी पाहिलाय. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात पाणबुड्या शोधायचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांना तीन-चारशे मीटरवर एक थर दिसायला लागला. खरा तळ त्याच्या कितीतरी खाली. गंमत म्हणजे हा ‘तळ’ रात्री वर यायचा आणि दिवसा खाली जायचा. पुढे कळलं की ते जिवंत प्राणी आहेत, मासे आणि समुद्रातले इतर लहान जीव, रात्री चरायला वर येणारे. तेव्हा आमचा फिश फाइंडर बेशरमाच्या बुडालेल्या फांदीला मासा म्हणाला आणि पडद्यावर छान छोटं माशाचं चित्र काढलं, तर त्याला फार हसू नये. मामा मात्र पोट धरून हसले होते.

एवढं सगळं दुरुस्त केलं, शून्य बसवलं, गाळाची वेगळी वही केली. आता आपण हुशार झालो अशी खात्री झाली. आणि नेमकं तिथंच आपटलो.

फुगवट्याचा वरचा अर्धा भाग आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोजला. मग दोघांची क्लास टेस्ट निघाली. खालचा अर्धा भाग मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोजला. सगळे बिंदू एका फाईलमध्ये टाकले, सॉफ्टवेअरला दिले, निळ्या रंगाच्या सुंदर छटा आल्या. मधोमध, आडवी, काठापासून काठापर्यंत सरळ गेलेली अर्ध्या मीटरची पायरी. आम्ही नाचलोच. जुना बांध! एकानं तर निजामाच्या काळापर्यंत अंदाज लावला.

रिपोर्ट बांधून झाला, मार्क पडले, आणि सुट्टीत गावी गेल्यावर मी तो मोठ्या कौतुकानं मामांना दाखवायला नेला. त्यांना नकाशा वाचता येणार नाही असं मला वाटलं होतं. त्यांनी बोट ठेवलं ते थेट त्या पायरीवर.

“हे काय?”

“जुना बांध आहे मामा, पाण्याखाली.”

“कुठला बांध? माझं आयुष्य गेलं हितं जाळं टाकून. हितं बांध असता तर जाळं नसतं का फाटलं?” मग जरा थांबून, “तुमी मधी आला नव्हता ना? एक तारखेला पानी सोडलं की लेकरा.”

१ मार्च. ०.६ टीएमसी. पाणी खाली उतरलं होतं, आणि आम्ही उतरलेल्या पाण्यावरून मोजलेली खोली चढलेल्या पाण्यावरून मोजलेल्या खोलीला जोडून मोकळे झालो होतो. तळ तोच, पाणी वेगळं. त्या पाण्याची पातळी आम्ही एकाही दिवशी लिहून ठेवली नव्हती. सिव्हिलच्या पोरांनी! बेंचमार्क, आर.एल. हे शब्द ज्यांना झोपेत विचारले तरी सांगता येतील अशा पोरांनी!

वाचवलं ते मोबाईलनं, तेही चुकून. होडीत बसायच्या आधी घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही रोज फोटो काढायचो, उगीच, ग्रुपवर टाकायला. फोटोंवर तारखा होत्या. फेब्रुवारीच्या फोटोत पाणी एका पायरीला टेकलेलं, मार्चच्या फोटोत त्याहून दोन पायऱ्या खाली. जाऊन पायरी मोजली, तेवीस सेंटिमीटर. दोन पायऱ्या म्हणजे सेहेचाळीस. नकाशातली पायरीही तेवढीच. खरी पायरी घाटाची होती, ती आम्ही नदीच्या मधोमध नेऊन ठेवली होती.

आता यातून काय निघतं? पहिलं हे, की धरणाच्या किंवा तलावाच्या नकाशावर खोली छापू नये, तळाची पातळी छापावी. पाणी आज इतक्या मीटरवर आहे, तळ इतक्यावर, वजाबाकी ज्यानं त्यानं करावी. समुद्राच्या नकाशांवर खोली छापतात, पण ती कुठल्या पातळीपासून धरली ते ठरलेलं असतं, सहसा नीचतम ओहोटीची पातळी, आणि तसं नकाशावर लिहिलेलं असतं. आपल्या बंधाऱ्यात ओहोटी वर्षातून ठरलेल्या तारखांना येते आणि ती कोर्टाच्या कागदावर लिहिलेली आहे! तरी आम्ही चुकलो. हल्ली मासेमारीच्या हौशी लोकांनी आपापल्या यंत्रांतून जमवलेल्या आकड्यांवर तलावांचे नकाशे तयार होतात. त्यात कोणाचा आकडा पोळ्याचा, कोणाचा अक्षय्य तृतीयेचा. पातळी दुरुस्त केलेली नसेल तर तिथंही असे ‘जुने बांध’ निघणारच.

दुसरं म्हणजे आडव्या फेऱ्या. सर्व्हेवाले उभ्या ओळींत मोजून झाल्यावर त्यांना छेदणाऱ्या काही आडव्या ओळीही मोजतात. जिथं दोन ओळी एकमेकींना कापतात तिथं दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. आम्ही मार्चमध्ये फेब्रुवारीच्या भागातून एक आडवी फेरी मारली असती, तर तिथल्या तिथं अर्ध्या मीटरचा फरक डोळ्यात खुपला असता. पण फेरी मारायला पेट्रोल... म्हणजे मामांचे दंड लागतात. आम्हाला तेव्हा बिंदूंची संख्या वाढवायची घाई होती.

जीपीएसचं थोडक्यात सांगतो. मोबाईल पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो. सपाट तळावर चालून जातं, चढावर नाही. तीनाला एक उतार असेल तर पाच मीटरचा घोळ दीड मीटर खोलीचा होतो. आणि जुन्या टोपोशीटवर आमचे बिंदू टाकले तेव्हा होडी दोन वेळा हरभऱ्याच्या रानातून गेली. जुन्या टोपोशीटची पृथ्वी वेगळी (एव्हरेस्टच्या मापाची) आणि जीपीएसची वेगळी. आपल्या भागात त्यांच्यात शंभर मीटरच्या वर फरक पडतो. हे मात्र आम्ही वेळेत पकडलं, कारण हरभरा दिसत होता. पाण्याखालचं दिसत नाही.

कोणी म्हणेल, अर्ध्या मीटरचं एवढं काय घेऊन बसलास? हिशोब करून बघा. एक चौरस किलोमीटरचा तलाव घ्या आणि खोलीत फक्त दहा सेंटिमीटरची चूक धरा. एक लाख घनमीटर होतात. म्हणजे दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या दहा हजार खेपा. लातूरच्या मित्रांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची, पन्नास वाघिणींची भरलेली गाडी म्हणजे साधारण २५ लाख लिटर. अशा चाळीस गाड्या त्या दहा सेंटिमीटरमध्ये मावतात. आमच्या ट्रान्सड्यूसरचं शून्य नेमकं तेवढ्यानंच चुकलं होतं.

आता आमच्याच खालचं श्रीरामसागर घ्या. बांधताना क्षमता ११२ टीएमसी धरली होती. १९९४ च्या मोजणीत ती ९० च्या आसपास भरली, पुढच्या मोजणीत ८० च्या. म्हणजे तीसेक टीएमसी गेले, अकरा बाभळी बंधारे मावतील एवढे! यात गाळ किती आणि मोजायची पद्धत बदलल्यामुळे पडलेला फरक किती, हे विचारणारा इंजिनिअर मला हवाय. आधीची क्षमता धरण बांधण्यापूर्वी कोरड्या जमिनीच्या कंटूरवरून काढलेली असते, नंतरची होडीतून इको साउंडरनं. नाशिकच्या मेरीत उपग्रहाच्या चित्रांवरूनही धरणातल्या गाळाचा अभ्यास होतो. त्यात पाणी जसजसं उतरतं तसतसा पसारा मोजतात, पण जे पाणी कधी उतरतच नाही त्याच्या तळाचं उपग्रहाला काय दिसणार? तिन्ही पद्धती चांगल्या आहेत. फक्त त्यांनी ‘तळ’ एकाच गोष्टीला म्हटलं का, हा प्रश्न आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गावोगावी तलाव उकरले गेले. किती गाळ निघाला हे ट्रॅक्टरच्या खेपा मोजून सांगतात. आपल्या कॉलेजची चार पोरं एक होडी, एक ताट आणि घाटावरची एक रंगवलेली पट्टी घेऊन आधी आणि नंतर मोजायला गेली, तर गावाला खरा आकडा मिळेल. मिनी प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला सुचत नाही. लाइन फॉलोअर रोबो पुष्कळ झाले.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. यंत्राचा आवाज सरळ रेषेत नाही, शंकूसारखा पसरत खाली जातो. वीस अंशांचा शंकू तीन मीटरवर एक मीटर रुंद होतो. स्वस्तातल्या काही यंत्रांचा साठ अंशांचा शंकू तिथं साडेतीन मीटर. त्या गोलात जे सगळ्यात जवळ असेल, म्हणजे सगळ्यात उथळ, त्याचा प्रतिध्वनी आधी येतो आणि यंत्र तीच खोली धरतं. नदीत वाळू उपसून झालेले खड्डे असतात, उभ्या कडांचे, अरुंद. होडी त्यांच्यावरून गेली तरी यंत्र काठाचीच खोली सांगू शकतं. नकाशावर तिथं सपाट निळा रंग येतो. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या माणसाचा पाय त्या खड्ड्यात जातो आणि ठाव लागत नाही. अशा बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. आमच्याही नकाशात मामांना ठाऊक असलेले दोन खड्डे नव्हते. त्यांनी बांबूनं दाखवले. एका ठिकाणी पूर्ण बांबू गेला, तरी तळ लागला नाही. “दोन परस तरी असंल,” ते म्हणाले. आमच्याकडे विहिरीची खोली अजून परसात सांगतात, एक परस म्हणजे एक पुरुषभर. तो आकडा ढोबळ आहे, पण त्यात माणूस मापाला धरलेला आहे.

म्हणून विभागाला माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीपासून खोलीच्या, पातळीच्या कुठल्याही प्रोजेक्टात तारीख, त्या वेळची पाण्याची पातळी, ट्रान्सड्यूसर किती बुडवला होता, तळ मऊ की कडक, आणि ताटाची चाचणी केली का, एवढे रकाने सक्तीचे करा. आणि व्हायवाला येणाऱ्या सरांनी रंगीत नकाशा बघितल्यावर एवढंच विचारावं, “हे पाणी कोणत्या तारखेचं?” आम्हाला कोणी विचारलं असतं तर त्याच मिनिटाला पोपट झाला असता. वाईट वाटलं असतं, पण पान ३१ लायब्ररीत गेलं नसतं.

दुरुस्त केलेला नकाशा मी ग्रंथालयातल्या प्रतीत चिकटवून आलोय. पायरी गेली. दोन खड्डे आले, लाल गोलात. गाईड सरांनाही सांगितलं; ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, चहा घे. एक प्रत मामांच्या घरी दिली, त्यांच्या नातवानं ती भिंतीला लावलीय.

ताट मात्र अजून होडीतच आहे. मामा त्यात आता जाळ्याचं शिसं ठेवतात. मॅनेजरकाका, यंदाच्या मेसच्या मोजणीत एक ताट कमी भरलं असेल, तर ते हेच.